सही-शिक्क्याची विस्मृती

आमच्या घरात हल्ली एखादी वस्तू हरवली, दूध उतू गेले, भाजी करपली, बिलाची मुदत टळली किंवा एखादा निरोप ज्याला द्यायचा त्याला सोडून उभ्या गल्लीला पोहोचला, तर त्याची चौकशी होत नाही. चौकशी व्हायची तर आरोपी कोण हा प्रश्न निदान क्षणभर तरी अनिर्णीत राहावा लागतो. आणि आमच्या येथे तो गेल्या वर्षापासून कायमचा निकालात निघालेला आहे. मला लिम्फोमा नामक कर्करोग झाला, साताऱ्याहून पुण्यास खेपा घालून मी केमोथेरपी घेतली, रोग हटला, गेलेले केस परतले, गेलेली चव परतली, गेलेले वजन तर सव्याज परतले. स्मरणशक्ती तेवढी, रजेचा अर्ज न देता निघून गेलेल्या कारकुनासारखी, कोठे गेली आणि पुन्हा रुजू कधी होणार याचा थांग लागेना. डॉक्टरांनी समजूत घातली की असे पुष्कळांना होते, घाबरण्याचे कारण नाही, बहुतेकांचे हळूहळू सुधारते; आणि विम्याच्या कामी उपयोगी पडेल या चिरंजीवांच्या आग्रहावरून तशा अर्थाचे चार शब्द लिहून, खाली सही करून, वर शिक्का मारून दिला. त्या शिक्क्याची शाई वाळण्यापूर्वीच आमच्या कुटुंबातील लहानथोर सर्वांची विस्मृती माझ्या नावे वर्ग झाली.

यातला दैवदुर्विलास असा की मी आयुष्यभर भाकरी खाल्ली ती स्मरणशक्तीच्याच जोरावर. कचेरीत आवक-जावकाची बारनिशी माझ्याकडे असे. कोणता अर्ज कोणत्या मेजावरून कोणत्या मेजावर गेला, कोठे तो मुद्दाम निजवला गेला आणि कोणत्या शिरस्तेदाराच्या खणात त्याने चिरनिद्रा घेतली, हे मी वही न उघडता सांगत असे. नवे रावसाहेब बदलून आले की जुनी मंडळी त्यांना माझी ओळख ‘हे आपलं चालतं दप्तर’ अशी करून देत. त्याच माणसावर न्हाणीघराच्या दारात ओल्या अंगाने उभे राहून ‘माझी अंघोळ झाली आहे की व्हायची आहे?’ अशी पृच्छा करण्याची पाळी आली, आणि कुटुंबाने पंचा पुढे करीत, ‘झाली आहे, पण कानामागचा साबण अजून व्हायचा आहे,’ असा निर्णय दिला.

ज्या औषधांनी हा प्रताप केला ती सारी मोठ्या घराण्यांतली आहेत. सायक्लोफॉस्फामाइड हे युद्धात बदनाम झालेल्या मस्टर्ड वायूच्या भाऊबंदांपैकी; त्या कुळातल्या एका रसायनाचा रुग्णावर पहिला प्रयोग 1942 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात झाला. डॉक्सोरुबिसिन हे माणकासारखे लालभडक द्रव्य, इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूच्या वंशातले. आणि व्हिन्क्रिस्टीन निघाले ते सदाफुलीतून. जी सदाफुली माझ्या अंगणात कोणी न लावता उगवली होती आणि जिला मी, ती फुकट येते एवढ्याच कारणाने, वर्षानुवर्षे तुच्छ लेखीत आलो होतो. ही हकीकत परिचारिकेच्या तोंडून ऐकल्यापासून आमच्या कुटुंबाने सदाफुलीला हळदकुंकू वाहण्यास आरंभ केला. आणि शेजारच्या नानासाहेबांनी, ‘मग एवढा पैसा कशाला घातलात? रोज चार पानं चावायची,’ असा सल्ला, सगळा पैसा घालून झाल्यावर, दिला. ती पाने विषारी असतात असे डॉक्टरांनी मला बजावले होते, आणि ते नानासाहेबांना सांगण्यास मी विसरलो नाही; किंचित उशिरा सांगितले, इतकेच.

मौज अशी की यांतली बरीचशी औषधे मेंदूच्या वेशीवरच अडवली जातात. रक्तातून आत येणाऱ्या मालावर तेथे जो जकात नाका बसवलेला आहे, तो भलताच कडक असतो. मग आतली नासधूस केली कोणी? डॉक्टरांचे म्हणणे असे की एकट्या औषधाला धरून चालणार नाही: शरीरभर उठलेला दाह, रक्तक्षय, थकवा, काळजी, अपुरी झोप असे सहआरोपी पुष्कळ आहेत, आणि काही रुग्णांत तर पहिली सुई टोचण्यापूर्वीच विसराळूपणाची लक्षणे दिसतात. ही तक्रार प्रथम मोठ्या आवाजात केली ती स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांनी, आणि कित्येक वर्षे ‘ताण आहे, दुसरं काही नाही’ असे सांगून त्यांना वाटेला लावण्यात आले. बाईमाणसाच्या तक्रारीला आवक क्रमांक उशिराच पडतो, हा आमच्या कचेरीचाही अनुभव होता.

या औषधांच्या जोडीला, दर 21 दिवसांच्या फेरीत पहिले 5 दिवस, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असत. ही गोळी भूक वाढवते आणि झोप उडवते. म्हणजे रात्री दोन वाजता माणसाला टक्क जागे करून वर स्वयंपाकघराची वाट दाखवते. अशाच एका रात्री शेंगदाण्यांचा डबा शोधीत असता, आमच्या फडताळाची व्यवस्था अत्यंत अशास्त्रीय आहे असा मला साक्षात्कार झाला. मिठाला लागून साखर, साखरेला लागून साबुदाणा, चहाच्या डब्यात मेथ्या, आणि ‘हळद’ अशी चिठ्ठी डकवलेल्या डब्यात सुके खोबरे! रेकॉर्ड रूममध्ये कोणी असा कारभार केला असता तर त्याची वेतनवाढ रोखली गेली असती. पहाटेपर्यंत मी सारे डबे उतरवले, पुसले आणि वर्णानुक्रमाने लावले. आणि नावांत एकसूत्रीपणा असावा म्हणून ती सर्व संस्कृतातून घेतली.

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली.

‘अहो, मीठ कुठे गेलं?’

‘ल खाली बघ. लवण.’

‘आणि साखर?’

‘श. शर्करा.’

‘जिरं?’

‘ज. जीरक.’

‘बरं, चहा तरी च मध्ये आहे का, का त्याचीही मुंज लावलीत?’

पद्धत निर्दोष होती. तिच्यात वैगुण्य एकच की जिने ती निर्माण केली ती बुद्धी दुपारपर्यंत जागेवर राहिली नाही. साबुदाण्याचे संस्कृत मी काय केले होते हे मला आठवेना, आणि दुसऱ्या कोणाला ते सुचणे शक्य नव्हते. सबब त्या एकादशीला आमच्या घरी खिचडी झाली नाही. पुढे दिवाळीच्या साफसफाईत तो डबा ‘म’ खाली, ‘मौक्तिकवत्’ अशा सुवाच्य चिठ्ठीसह सापडला.

शब्दांनी तर माझ्याशी असहकारच पुकारला. विद्वत्तेचे, जडजंबाल शब्द हाताशी हजर असत. रोजच्या वापरातले नेमक्या वेळी तोंड लपवत. मंडईत एका भाजीवाल्यासमोर उभा राहून मी म्हणालो, ‘ती द्या हो. लांब असते ती.’

‘शेवग्याची शेंग?’

‘शेंग नव्हे. हिरवी असते, अंगावर पांढरे पट्टे.’

‘काकडी?’

‘काकडीहून पुष्कळ लांब. वेलावर वाकडी होऊ नये म्हणून टोकाला दगड बांधतात बघा.’

‘काका, दगड बांधलेली भाजी आपण नाही विकत. गिऱ्हाईक वजनात धरू देत नाही.’

एव्हाना मागे रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला माझ्याविषयी, किंवा निदान उत्तराविषयी, आस्था उत्पन्न झाली होती. कोणी दोडका म्हणाले, कोणी घोसाळे. एका शाळकरी मुलाने ‘अजगर’ असे सुचवले आणि आईचा धपाटा खाल्ला. अखेर एका म्हातारबाईने टोपली खाली ठेवून ‘अरे, पडवळ की रे मेल्यांनो!’ असा निवाडा दिला, आणि मंडईत जो आनंदीआनंद झाला त्या भरात मी अर्धा किलो पडवळ घेऊन मोकळा झालो. वाटेत ध्यानात आले की आमच्या घरी पडवळ कोणी खात नाही. खिशात कुटुंबाने दिलेली चिठ्ठी होती, ती काढून पाहिली. तिच्यावर ‘आले’ एवढा एकच शब्द होता. आणि कोण आले, केव्हा आले, आणि ते मला चिठ्ठीने कळवण्याचे प्रयोजन काय, याचा विचार करीत मी घरी पोहोचलो.

पुढच्या खेपेस डॉक्टरांनी माझी रीतसर परीक्षा घेतली. अशा परीक्षेचा मासला जगभर साधारण एकच असतो: तारीख-वार सांगा, 100 मधून सात-सात वजा करीत या, घड्याळाचे चित्र काढून सांगितलेल्या वेळेवर काटे लावा, आणि आता ऐकवलेले शब्द थोड्या वेळाने परत म्हणा. डॉक्टर तरुण होते. त्यांनी प्रेमाने विचारले, ‘काका, आज तारीख काय?’ मी तारीख सांगितली. ती बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी मोबाईल उघडून पाहिला आणि किंचित हिरमुसून म्हणाले, ‘बरोबर.’ वजाबाकीत तर पावकी-निमकी घोकलेला माणूस मी. 93, 86, 79, 72, 65 असा उतरत गेलो. शेजारी बसलेले कुटुंब ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर उतरत होते. ते 79 वरून घसरून 71 वर पडले. मी तिकडे पाहताच ‘मला नाही विचारलेलं,’ असे उत्तर मिळाले. मात्र शब्दांच्या परीक्षेत माझे पानिपत झाले. नदी, खुर्ची, आंबा, रेशीम, देऊळ या पाचांपैकी मला आंबा तेवढा आठवला, आणि तोही दर वैशाखात पेटी पाठवतो म्हणून न पाठवणाऱ्या मेहुण्यामुळे. ते पाचही शब्द कुटुंबाला मात्र आजही तोंडपाठ आहेत. माझ्याविरुद्धचा पुरावा ती कधी विसरत नाही.

आजाऱ्याच्या समाचाराला येणारा मनुष्य कर्करोगाविषयी बोलण्यास कचरतो, पण विस्मृतीचा विषय निघाला की त्याला कंठ फुटतो; कारण त्या विषयात प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. ‘अहो, यात काय एवढं? मीसुद्धा परवा किल्ली विसरलो,’ असे प्रत्येकाने मला ऐकवले, आणि आपण एकही सुई न टोचून घेता येथवर पोहोचलो आहोत याचे समाधान त्याच्या मुद्रेवर विलसू लागले. पाठोपाठ उपाय आले: ब्राह्मीचे तेल, शंखपुष्पी, सुडोकू, आणि आकाराने मेंदूसारखा म्हणून अक्रोड. एका आप्ताने बदामावर अर्धा तास निरूपण केले. रात्री भिजत घालावेत, सकाळी साल काढावी, अनशेपोटी खावेत.

‘तुम्ही स्वतः किती खाता?’ मी कुतूहलाने विचारले.

‘मी नाही खात,’ ते म्हणाले. ‘रात्री भिजत घालायची आठवणच राहत नाही.’

एका मुंजीत तर मला याहून मोठा बोध झाला. मांडवात एक गृहस्थ दोन्ही हात पसरून माझ्याकडे आले, ‘वा, वा! किती दिवसांनी!’ म्हणाले, आणि माझ्या शेजारी बसले. हे कोण, हे मला काही केल्या उमगेना. कचेरीत शिकलेल्या संदिग्ध भाषेचा अवलंब करून मी ‘मंडळी काय म्हणतात?’ येथून प्रारंभ केला. त्यांनी ‘चाललंय आपलं’ येथे तो झेलला. ‘तिकडचं काम झालं का?’ असे मी विचारले. प्रत्येक माणसाचे कोठेतरी काही काम अडलेले असतेच, या भरवशावर. ‘कुठलं होतंय! तुमचं?’ त्यांनी विचारले. अशा रीतीने जिलबीचे दुसरे ताट येईपर्यंत आम्ही अत्यंत जिव्हाळ्याने बोललो. तेवढ्यात यजमान आले आणि म्हणाले, ‘तुमची एकमेकांची ओळख नसेल ना?’ आम्हा दोघांच्याही चेहऱ्यांवर एकाच वेळी सुटकेचा भाव उमटला. त्या गृहस्थांना केमोथेरपीच काय, साधे सलाईनही कधी लागलेले नव्हते. फरक असा की ते घरी जाऊन ‘काय गंमत झाली’ म्हणून सांगणार होते, आणि माझ्या बाबतीत तीच गंमत ‘बघा, आता माणसंही ओळखत नाहीत’ या सदराखाली नोंदली जाणार होती.

माणूस विसरतो हे शास्त्राला केमोथेरपीच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून, ती किती वेगाने नाहीशी होतात हे मोजले, आणि 1885 साली जाहीर केले की तासाभरात निम्म्याहून अधिक घोकंपट्टी वाहून जाते. परंतु त्याहीपूर्वी, विस्मरणाला चांगले कारण मिळाले तर ते विस्मरण राहत नाही, हे मर्म कालिदासाने ओळखले होते. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला मनातून ओळखतो आणि भरसभेत ओळख दाखवत नाही. कालिदासाला आपला नायक असा उघडा पडणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याने दुर्वासांना पाचारण केले, शाप देववला, अंगठी पाण्यात पाडली, ती माशाच्या पोटात नेऊन ठेवली, आणि एवढा खटाटोप करून राजाला एक बिनतोड वैद्यकीय दाखला मिळवून दिला. तेव्हापासून आपणांपैकी प्रत्येकजण आपापल्या दुर्वासांच्या शोधात असतो. आमच्या घरच्या मंडळींचे भाग्य एवढे थोर की त्यांना ते घरातच, दिवाणावर लोळत पडलेले, सापडले.

मग काय विचारता! चिरंजीव घरपट्टी भरायला विसरले, तर ‘बाबांना आठवण करायला सांगितलं होतं’. सूनबाईने गॅसवर ठेवलेले दूध उतू गेले, तर ‘बाबा तिथेच होते, त्यांना बघा म्हटलं होतं’. नातीच्या शाळेच्या डायरीवर सही राहिली, तर तिने वर्गात बाईंना निरागसपणे सांगितले की आजोबांना कॅन्सर झाला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिला गृहपाठातूनही सवलत मिळाली. मला यातले काहीच आठवत नसे, आणि न आठवणे हीच तर माझ्या अपराधाची खूण होती.

डॉक्टरांनी मला टिपणवही ठेवण्यास, वस्तूंच्या जागा ठरवण्यास आणि एका वेळी एकच काम करण्यास सांगितले होते. तो सल्ला मी माझ्या पेशास शोभेल अशा रीतीने अमलात आणला: घरात बारनिशी उघडली. एक वही आवकेची, एक जावकेची. ‘जावक: चष्मा, हस्ते स्वतः, देवघराचा कोनाडा, सकाळी 7.10.’ ‘आवक: निरोप, हस्ते सूनबाई, गॅसवाला आल्यास पुस्तक देणे.’ ‘जावक: घरपट्टीची मुदत परवा, चिरंजीवांस तोंडी कळवले, पोच घेतली.’ पोच म्हणून प्रत्येकाने सही करावयाची असा दंडक होता. नातीने खोडरबर कोरून ‘मिळाले’ असा शिक्का बनवला आणि ती तो कागदांवर, भिंतींवर व एकदा निजलेल्या मांजरावर उमटवू लागली.

वस्तूंच्या बाबतीत या वह्यांचा उपयोग बेताचाच झाला, कारण चष्मा कोठे ठेवला हे वाचण्यासाठी चष्मा लागे. परंतु माणसांच्या बाबतीत त्यांनी कहर केला. चिरंजीव घरपट्टीवरून बोलू लागताच मी पान उघडून त्यांची सही त्यांच्यापुढे धरली. दुधाच्या प्रकरणी अशी नोंद निघाली की सूनबाईने 7.40 ला दूध ठेवले, 7.42 ला तिच्या माहेरचा फोन आला, आणि 8.25 ला तो संपला तेव्हा दूध कधीच जमिनीवर आले होते. मी कोणास टोचून बोललो नाही; कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे फक्त पान पुढे सरकवत असे. घरातले वातावरण मात्र दिवसेंदिवस लेखापरीक्षण चालू असलेल्या खात्यासारखे होऊ लागले.

एका प्रकरणात तेवढी वही माझ्या उपयोगी पडली नाही. सूनबाईच्या माहेरहून आलेली, चिनी मातीची, लोणच्याने काठोकाठ भरलेली बरणी एका दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर तुकड्यांच्या रूपाने आढळली. त्या दुपारी मी झोपलो होतो असे मला वाटत होते. पण वाटणे हा पुरावा नव्हे. वही उघडली, तर नेमके त्या दिवसाचे पान फाटलेले. ते कोणी फाडले असेल? ज्याच्या काही लक्षात राहत नाही त्यानेच, हा तर्क एकमताने संमत झाला. सूनबाई काही बोलली नाही, पण तिचे न बोलणे ऐकू येण्याजोगे होते. कुटुंबाने मात्र मोठ्या मनाने माझी बाजू घेतली. ‘जाऊ दे गं,’ ती म्हणाली, ‘त्यांनी का मुद्दाम केलं? औषधांचा परिणाम तो. माणूस हाताला लागला हेच पुष्कळ.’ तिने स्वतःच्या हाताने तुकडे भरले, फरशी पुसली, आणि रात्री माझ्या ताटात साजूक तुपाची धार अंमळ लांबवली. इतकी क्षमाशील सहधर्मचारिणी लाभायला पूर्वपुण्याई लागते, या विचाराने मला भरून आले.

वह्यांचा शेवट नानासाहेबांनी केला. माझ्या आजारापूर्वी त्यांनी 5,000 रुपये हातउसने नेले होते. येथे औषधांचा एक गुण नमूद केला पाहिजे: येणे रकमेच्या आठवणीला ती ढिम्म धक्का लावत नाहीत. वाण्याचे, दूधवाल्याचे आणि इस्त्रीवाल्याचे मी काय देणे लागतो हे माझ्या मनातून साफ पुसले गेले. नानासाहेबांना दिलेल्या नोटा मात्र, त्यांच्या सदऱ्याचे वरून दुसरे बटण तुटलेले होते आणि ते ‘एकादशीला देतो’ म्हणाले होते, पण कोणत्या ते म्हणाले नव्हते, येथपर्यंत लख्ख आठवत होत्या. मी विषय काढताच नानासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘अहो, मागच्या गुरुवारी संध्याकाळी तुमच्या हातात दिले की! विसरलात? चालायचंच. जिवावरचं दुखणं काढलंत.’

मी वही आणली. गुरुवारची नोंद अशी होती: ‘आवक: नानासाहेब, सायंकाळी 6. चहा 2 कप, चिवडा 1 बशी. जावक: आमची छत्री, हस्ते नानासाहेब, उद्या परत करण्याच्या बोलीवर.’ रकमेचा उल्लेख कोठेही नव्हता. नानासाहेबांनी ते पान दोनदा वाचले. ‘छत्री तुमची होय?’ एवढेच ते म्हणाले. छत्री दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी उठण्यापूर्वी, ओटीवर परत आली. रक्कम हप्त्याहप्त्याने येत आहे.

त्यानंतर सर्वांना एकाएकी माझ्या प्रकृतीची चिंता वाटू लागली. रविवारी घरात बैठक बसली; पंच म्हणून नानासाहेबांनाच पाचारण करण्यात आले. ‘बाबा, इतकं लिहून मेंदूला ताण पडतो,’ असे चिरंजीव म्हणाले. ‘डोळ्यांनाही,’ सूनबाईने पुस्ती जोडली. ‘आणि नात्यांनाही,’ असे पंचांनी, वर न पाहता, नमूद केले. कुटुंब म्हणाले की घर म्हणजे काही कचेरी नव्हे. माझी हरकत नोंदवून घ्यावी अशी मी विनंती केली, परंतु ज्यात ती नोंदवायची त्या वह्या एव्हाना रद्दीवाल्याच्या तागडीत पडल्या होत्या. घरात विसराळू माणूस सर्वांना हवासा वाटतो. त्याने लिहून ठेवू नये, एवढीच अपेक्षा असते. त्या दिवसापासून घरात शांतता नांदू लागली, आणि हरवणे, सांडणे, उतू जाणे पूर्ववत माझ्या नावे जमा होऊ लागले.

अलीकडच्या तपासणीत डॉक्टरांनी पुन्हा पाच शब्द घातले आणि त्यांतले चार मी परत केले. ‘काका, छान सुधारणा आहे,’ ते म्हणाले. ‘असंच फिरणं ठेवा, झोप ठेवा. आता काळजीचं कारण नाही.’ मी हर्षभरित झालो. स्वारगेटहून परतीची एसटी धरली, आणि ही वार्ता घरी कोणत्या शब्दांत सांगावी याची मनाशी जुळवाजुळव करीत असता, गाडी खंबाटकीच्या घाटाला लागल्यावर कुटुंब हळूच म्हणाले, ‘हे बघा, डॉक्टर काय म्हणाले ते घरी लगेच बोलू नका.’

‘का बरं? आनंदाचीच बातमी आहे.’

‘आहे हो. मला का आनंद नाही? पण ती बरणी अजून तुमच्या नावावर आहे. तुम्हाला सगळं आठवतंय म्हटलं, की सूनबाई नव्याने विचार करायला लागेल.’

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ‘म्हणजे ती बरणी...?’

‘हात ओला होता. सटकली.’

‘आणि वहीतलं ते पान?’

‘कुठलं पान?’ खिडकीबाहेर घाट न्याहाळीत ती म्हणाली. ‘मला बाई काही आठवत नाही.’